हत्तूची लाल टिकली

एक होता हत्तू. एवढुस्सा! रेवूने आईच्या मॅक कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र.

आईने त्याला लाल टिकली लावली. "लाल टिकलीवाली चित्रं छापायची. संध्याकाळी भिंतीवर लावायची हं!"

आधी हत्तू निघाला आबांना भेटायला. पेनड्राइव्हमध्ये बसला. आबांच्या विंडोजवाल्या कॉम्प्युटरमध्ये उतरला. टुणुक! मागून टिकली उतरली. टुणुक! पण मॅकची टिकली इथे चिकटेना, ती नुसता ठिपकाच दिसायला लागली.

आबांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता ना!

"हत्ती झकास! पण हा कचरा कसला?" आबा म्हणाले. टिच! टिकली गेली कचऱ्याच्या डब्यात.

हत्तूला रडूच आलं. टिकली नाही, तर भिंत नाही!

हत्तू गेला डब्याकडे. टुणुक टुणुक.
"डबेदादा, डबेदादा, उघड ना. टिकली मिळेना!"
"बाण टोचेल, तर मी उघडेन."

हत्तू गेला बाणाकडे. टुणुक टुणुक.
"बाणदादा, बाणदादा, हल ना. डबा उघडेना, टिकली मिळेना!"
"माउस पळेल, तर मी हलेन."

हत्तू गेला माउसकडे. टुणुक टुणुक.
"माउसदादा, माउसदादा, पळ ना. बाण हलेना, डबा उघडेना, टिकली मिळेना!"
"आबा धरतील, तर मी पळेन."

हत्तू गेला आबांकडे. टुणुक टुणुक.
"आबा, आबा, धरा ना. माउस पळेना, बाण हलेना, डबा उघडेना, टिकली मिळेना!"
"चष्मा कुठाय माझा? मला काही दिसेना रे बाळा!"

चष्मा कुठे होता? रेवूच्या नाकावर!

हत्तू गेला रेवूकडे. टुणुक टुणुक.
"रेवू, रेवू, चष्मा दे ना. आबांना दिसेना, माउस पळेना, बाण हलेना, डबा उघडेना, टिकली मिळेना!"
"नाही ज्जा! मी आबा झालेय."
"मग मी भिंतीवर नाही."

रेवूने चष्म्यावरून पाहिलं. माझा हत्तू? भिंतीवर नाही?

रेवूने चष्मा काढला. आबांना दिला. आबांना दिसलं. आबांनी माउस धरला. माउस पळाला, सुर्रर्र! बाण हलला, टिच टिच! डबा उघडला, खट्ट! टिकली आली बाहेर. टुणुक!

"अगं टिकले, तू होय! चुकलंच माझं," आबा म्हणाले.

हत्तू आणि टिकली पेनड्राइव्हमध्ये बसले. हात घट्ट धरून. मॅकवर उतरले. टिकली पुन्हा हत्तूला चिकटली. टप्प!

आई म्हणाली, "पुढच्या वेळी दोघांना झिपच्या पिशवीत घालून पाठवीन. एकत्र जा, एकत्र या."

संध्याकाळी हत्तू भिंतीवर लागला. अगदी मधोमध! सगळे बघायला आले. आबाही आले.

"दिसतोय का हो, आबा?" आईने विचारलं.
"कसा दिसणार?"

हत्तूला मिळाली टिकली, टिकलीला मिळाला हत्तू, आणि चष्मा गेला पुन्हा रेवूच्या नाकावर!