बांधात कुणी नाही

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. मी एक सांगेन, वरच्या आळीतले तात्या दुसरंच सांगतील आणि गोष्ट बाजूला राहून आमचीच जुंपेल. एवढंच समजा, की तेव्हा हिवरगव्हाणला तळं नव्हतं. टेकडीवर टेकाईचं देऊळ मात्र होतं, आणि त्या देवळात सगुणाबाई गुरवीण होती.

नवरा वारल्यावर देवीची पूजाअर्चा तिनंच चालवली. बाईमाणसानं देवीला हात कसा लावायचा, असं काही जण कुजबुजले. ती म्हणाली, "देवी बाईच हाय." कुजबुज तिथंच थांबली. बोलायला फटकळ, चालायला ताठ, आणि कुणाच्या बापाला न भिणारी अशी ती होती, असं म्हणतात.

पण तिचं नाव पंचक्रोशीत झालं ते स्वप्नांमुळं. आपल्याकडं देव माणसाशी बोलतो तो बहुतेक स्वप्नातच. कुणाच्या तरी झोपेत येतो आणि सांगतो, अमक्याच्या शेतात बांधाखाली मी आहे, मला बाहेर काढ. मग माणसं कुदळी घेऊन जातात आणि मूर्ती निघते. याला दृष्टांत म्हणतात. पहाटेचं स्वप्न खरं होतं, स्वप्नात लग्न दिसलं तर वाईट, कुणी मेलेलं दिसलं तर त्याचं आयुष्य वाढतं, हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सगुणाबाई असल्या ठोकताळ्यांना भीक घालत नसे. कुणी स्वप्न घेऊन आलं, की ती सगळं ऐकून घ्यायची आणि एकच विचारायची, "सपनात तुजं हात काय करत व्हतं?"

एका धनगराला रोज स्वप्नात लांडगा दिसायचा. कळपातलं कोकरू उचलायचा आणि निघून जायचा. तिनं हातांचं विचारलं. धनगर म्हणाला, "हात काखंत घालून हुबा व्हतो." ती म्हणाली, "मग लांडग्याला कशापायी शिव्या देतोस?" धनगर गेला, त्यानं कुंपण घातलं, आणि पुन्हा कधी लांडगा त्याच्या झोपेत आला नाही, असं म्हणतात. देव डोळ्यांना दाखवत असेल, पण सांगतो ते हातांना, असं तिचं म्हणणं होतं. लांबून लांबून माणसं यायची. हळूहळू लोक तिला सपनाई म्हणू लागले. तिला स्वतःला मात्र कधी स्वप्न पडत नसे. इतक्या जणांची स्वप्नं पोटात ठेवलेली, तिच्या स्वतःच्या स्वप्नाला आत जागाच उरली नव्हती, असं म्हणतात.

तर त्या काळात पावसानं ओढ दिली. विहिरी आटल्या, बाया घागरी घेऊन पार डोंगरापलीकडं जाऊ लागल्या. तेव्हा हैबतराव पाटलानं ठरवलं, की खिंडीत बांध घालायचा आणि तळं करायचं. विचार चांगला होता. पाटलाचा हुकूम निघाला आणि गाव राबलं. गाव म्हणजे कोण? तर ज्यांना नाही म्हणता येत नव्हतं ते. मोठ्या घरची माणसं सावलीत उभी राहून बांध कुठं वाकडा होतोय ते सांगत होती. बांध झाला, पाऊस आला, आणि बांध मधोमध फुटून पाणी निघून गेलं. पुढल्या वर्षी पुन्हा घातला. पुन्हा त्याच जागी फुटला.

मग लोक बोलू लागले. अशा गोष्टी तेव्हा गावोगावच्या तळ्यांविषयी सांगत. पाणी टिकत नाही, मग एखादी सून बांधात चिणायची, की पाणी टिकतं. पुढं तिच्या नावानं ओव्या गायच्या आणि साडीचोळी वाहायची. जिवंतपणी जिला कुणी विचारलं नाही, तिला मेल्यावर हळदकुंकू. मला त्या ओव्या कधी गोड लागल्या नाहीत, ते आत्ताच सांगून टाकतो.

आणि अशातच पाटलाला पहाटे स्वप्न पडलं. बांध पुरा उभा आहे, पाणी काठोकाठ आहे, टेकाई समोर हसते आहे, आणि जिथं बांध फुटतो त्या खिंडारात पाटलाची थोरली सून गोजरा कमरेइतकी मातीत उभी आहे. पाटलानं घरात सांगितलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. याचा अर्थ काय, असं कुणी कुणाला विचारलं नाही.

गोजरा लग्न होऊन नुकतीच त्या घरात आली होती. तिला कुणी काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी घरातली सगळी माणसं तिच्याशी गोड बोलू लागली. सासूनं तिला पहिल्या पंक्तीला बसवलं आणि भातावर तुपाची धार धरली. त्यावरूनच तिनं ओळखलं.

पाटील वाईट माणूस नव्हता. सुनेवर त्याची माया होती आणि तो गुरासारखा रडला, असं म्हणतात. पण देवीनं मागितलंय तर नाही कसं म्हणायचं, आणि सगळं गाव तहानेनं मरत असताना आपलीच सून कशी राखायची, असं त्याला वाटत होतं. तो गाव घेऊन टेकडी चढला. देवीला कौल लावून दिवस तेवढा धरायचा होता.

सगुणाबाई उंबऱ्यात बसली होती. तिनं सगळं स्वप्न ऐकून घेतलं आणि नेहमीचंच विचारलं.

"पाटील, तुमचं हात काय करत व्हतं?"

"हाताचं काय घिऊन बसलीस? देवी दिसली, सून दिसली."

"हात?"

"आठवत न्हाई," पाटील म्हणाला.

"मग सपान अर्धं हाय. अर्ध्या सपनावर मी कौल लावत न्हाई."

गर्दीत चुळबुळ सुरू झाली. पाटलाचा आवाज चढला. "पुराणात एका राजानं सपनात राज्य दान दिलं, ते जागेपणी सोडलं. कीर्तनात ऐकलंय आमी. सपनातलं देणं फिरवता येत न्हाई."

"राजानं सोताचं राज्य दिलं," सगुणाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या लेकीचा जीव न्हाई दिला."

मग ती उठली आणि गर्दीतून वाट काढत मागं गेली. तिथं बायकांत गोजरा पदर ओढून उभी होती. आतापर्यंत सगळ्यांनी पाटलाचं ऐकलं होतं, देवीला विचारायला आले होते. सगुणाबाईनं गोजराला विचारलं, "पोरी, तुजं काय म्हणणं हाय?"

गोजरानं तोंडावरचा पदर मागं सारला. सासू, सासरा, नवरा, सगळं गाव ऐकत होतं. मग ती म्हणाली, "मला जगायचं हाय."

एवढंच बोलली. पण हिवरगव्हाणात सासऱ्यासमोर असं बोललेली ती पहिली सून, असं म्हणतात, आणि आमच्याकडं हे मान वर करून सांगतात.

सगुणाबाईनं देवीपुढचा भंडारा उचलला आणि पाटलाच्या तळहातावर ठेवला. भंडारा हातात घेऊन खोटं बोलायची तेव्हा कुणाची छाती नव्हती. ती म्हणाली, "आता देवीच्या म्होरं सांगा."

पाटील त्या हळदीकडं बघत राहिला. शेवटी म्हणाला, "पाटी व्हती."

"कसली?"

"मातीची. डोक्यावर व्हती माज्या. दोनी हातांनी धरलेली. खिंडारात उतरून मी ती सूनबाईच्या हातात देत व्हतो. आन् माज्या मागं समदं गाव पाट्या घिऊन रांगंत व्हतं. मोठी घरंबी व्हती."

बघा म्हणजे. सुनेचा जीव द्यायला तो रडत रडत तयार झाला होता, पण हिवरगव्हाणच्या पाटलाच्या डोक्यावर मातीची पाटी होती, हे चारचौघांत सांगायला त्याची जीभ वळत नव्हती. ते त्यानं स्वतःपासूनही लपवलं होतं. हसू नका. मोठ्या घरांत अजूनही हे असंच असतं.

"देवीनं सून न्हाई मागितली," सगुणाबाई म्हणाली. "ती पोर माती भराय हुबी हाय. देवीनं तुमचं डोकं मागितलंय, पाटीखाली."

पाटलानं भंडारा कपाळाला लावला. मग डोक्यावरचा फेटा सोडला, तो पिळून त्याची चुंबळ केली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि तसाच टेकडी उतरून बांधाकडं चालू लागला. पाटलाचं उघडं डोकं गावानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्या डोक्यावर पाटी चढली आणि मग सावलीतल्या माणसांना सावलीत उभं राहणं अवघड झालं. एकेक फेटा सुटत गेला.

बांधाखालचा मुरूम भुसभुशीत आहे, खाली खडकापर्यंत गेलं पाहिजे, हे राबणारी माणसं पहिल्या वर्षापासून सांगत होती. पाटलाचा स्वतःचा पाय घोट्यापर्यंत त्यात रुतला, तेव्हा ते पाटलाला ऐकू आलं. खडक लागेपर्यंत खणलं. खिंडारात गोजरा उभी होती, आणि हातोहात येणारी माती ती भरत होती, तुडवत होती. बायकांच्या रांगेत हिरव्या लुगड्यातली एक बाई होती. वरच्या आळीला वाटलं ती खालच्या आळीची, खालच्या आळीला वाटलं वरच्या. तिच्या हातून आलेली पाटी फुलासारखी हलकी लागायची. काम संपल्यावर ती कुणालाच दिसली नाही. लोक देवळात गेले, तर टेकाईच्या मूर्तीच्या पावलांना ओली माती लागलेली होती, असं म्हणतात.

गोष्ट इथं संपली असती तर बरं झालं असतं. पण पाणी साठलं, चढत चढत काठाला आलं, आणि जुन्या खिंडाराच्या जागी बांधातून पाझर फुटला. लोकांचा धीर सुटला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "अजून येळ गेली न्हाई." कोण म्हणालं ते गावानं विसरून टाकलंय, आणि ते बरंच केलं. पण माणसं गोजराकडं वळून बघू लागली.

सगुणाबाईनं गोजराचा हात धरला, तिला घेऊन बांधावर चढली आणि बरोबर त्या पाझराच्या वर दोघी बसल्या.

"ह्या बांधात कुणी जाणार न्हाई," ती म्हणाली. "बांध ग्येला तर आमी दोघी वरनंच जाऊ. ज्येला बघायचं त्येनी बघत बसा. ज्येला हात हायत त्येनी माती आणा."

पहिली पाटी पाटलानं आणली. दुसरी गोजराच्या नवऱ्यानं, तिसरी सासूनं. मग सगळं गाव लोटलं. पाझरावर माती पडत होती आणि पाणी वर येत होतं. ते सगुणाबाईच्या पायाच्या अंगठ्याला लागलं. तिनं पाय वर घेतला नाही. पाणी तिथं थबकलं आणि ओढणाऱ्या गाईचं दावं सैल व्हावं तसं सांडव्याकडं, जादा पाणी जायच्या वाटेकडं वळलं, असं म्हणतात. बांध राहिला.

सगुणाबाई तिथंच बसल्या बसल्या गोजराच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. झोपेत तिच्या ओठांवर हसू आलं. आयुष्यातलं पहिलं स्वप्न तिला तेव्हा पडलं असावं. जागी झाल्यावर गोजरानं विचारलं, "काय दिसलं?" ती म्हणाली, "ते माजं हाय. माज्यापाशी ऱ्हाऊ दे."

ती बांधात गेली नाही, पाण्यात गेली नाही, ज्योत होऊन मूर्तीत मिसळली नाही. म्हातारी झाली, दात पडले, तरी तिचा फटकळपणा गेला नाही, आणि एक दिवस आपल्या अंथरुणात तिनं डोळे मिटले. तिचं डोकं गोजराच्या मांडीवर होतं, आणि गोजराचेही केस तेव्हा पिकले होते. दुसऱ्या गावांना त्यांच्या सत्त्वाच्या कथा लखलाभ. आम्हाला अभिमान आहे तो या म्हातारपणाचा.

आणि आजही सांडवा वाहू लागला, की सगळं हिवरगव्हाण बांधावर जमतं. पाटलांच्या घरातला कर्ता पुरुष फेट्याची चुंबळ करून मातीची पहिली पाटी वाहतो. मग गावातली सगळ्यात म्हातारी बाई सपनाईच्या जागी बसते आणि गावातल्या प्रत्येक सुनेला नावानं हाक मारते. नवी नवरी पहिली. जिला हाक येते ती मोठ्यानं "हाय मी" म्हणते. कुणी बाळंतपणाला माहेरी गेलेली असली तर फोन लावतात, आणि तिचा आवाज कानावर आल्याशिवाय पुढचं नाव घेत नाहीत. वेळ लागतो. लागू दे. सगळ्यांची नावं झाली, की म्हातारी विचारते, "बांधात कोण हाय?"

आणि सगळ्या सुना एकदम सांगतात, "कुणी न्हाई."