आग्रह करणारा रोबोट

वैशाख वद्य पंचमी. आकाश निरभ्र, ऊन भाजून काढणारं, वारा अजिबात नाही.

एका गावात एक शाळा होती, आणि सुट्टी लागली की त्या शाळेत जास्तच गर्दी व्हायची. कारण सुट्टीत तिथं रोबोटचं शिबिर भरायचं. आठवी-नववीची मुलं जोड्या करून बसायची, मोटारी उघडायची, तारा जोडायची आणि एखादी तार उलटी जोडून अख्ख्या शाळेची वीज घालवायची. मग शिकवणाऱ्या बाई अंधारातून शांतपणे म्हणायच्या, "कुणी केलं ते विचारत नाही. का झालं तेवढं सांगा."

शिबिराच्या शेवटी परीक्षा असे. गावातली पाच मोठी माणसं पंच म्हणून बसत. ज्या जोडीचा रोबोट नेमून दिलेलं काम तडीस नेईल, ती जोडी राजधानीतल्या मोठ्या कार्यशाळेत शिकायला जाई. नियम एकच होता: एकदा रोबोट निघाला की त्याला हात लावायचा नाही. हात लावला की ती जोडी बाद.

या शिबिरात कालिंदी नावाची एक मुलगी होती. राजधानीची ती कार्यशाळा तिच्या डोक्यात इतकी बसली होती की घरी भाकरी थापतानाही ती भाकरीला दातेरी चाकाचा आकार देई. गेल्या वर्षी तिच्या रोबोटला झाडांना पाणी घालायचं होतं. त्यानं कुंडी सोडून हेडमास्तरांना पाणी घातलं. आता नववी संपली होती. सोमवारपासून दहावीचे जादा तास सुरू होणार होते, आणि दहावीच्या मुलीला रोबोट करू देतील असे आईबाप त्या गावात नव्हते. म्हणजे हीच शेवटची संधी.

यंदाचं काम बाईंनी फळ्यावर लिहिलं: पंगतीत श्रीखंड वाढायचं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं आणि पातेलं जागेवर आणून ठेवायचं.

कालिंदीचा जोडीदार दिगू म्हणाला, "सोपं आहे की. 'वाढू का' विचारायचं. हो म्हटलं तर वाढायचं, नको म्हटलं तर पुढं जायचं."

"अरे, पहिल्या नकोला पुढं गेलास तर पंगत उपाशी उठेल," कालिंदी म्हणाली. "माझ्या मामाच्या लग्नात वाढप्यानं व्याह्यांचं नको खरं मानलं. व्याही अजून आजोबांशी बोलत नाहीत."

"मग कितवं नको खरं?"

हा प्रश्न कालिंदीला पटला. ती गावभर विचारून आली. आत्या म्हणाली, तिसरं. शेजारचे काका म्हणाले, आवाज चढला की समजायचं. आई म्हणाली, "तोंडाकडं बघितलं की कळतं गं. त्यात काय शिकवायचं?"

"तोंडाकडं बघून कळायला रोबोट काय तुझी आई आहे?" दिगू म्हणाला.

शेवटी कालिंदीनं ठरवलं की नको म्हणजे लाजणं. कुणी नको म्हटलं की रोबोटनं आणखी एक डाव वाढायचा. खरोखर नको असेल तो माणूस ताटावर आडवा हात धरतोच. तो हात सेन्सरला दिसला की थांबायचं. दिगूनं पानावर बसून शंभर तऱ्हांनी नको म्हणून पाहिलं, शेवटी आडवा हात धरला. रोबोट दरवेळी थांबला.

बाई मागं उभ्या राहून बघत होत्या. "आणि हात आडवा आलाच नाही तर?"

"बाई, आपल्या गावात? येणारच."

"रोबोटला गाव माहीत नसतं कालिंदी. तू सांगशील तेवढंच माहीत असतं."

दिगू हळूच म्हणाला, "अगं, तीन डावांनंतर आपोआप पुढं जा, एवढं तरी घालूया."

"आणि चौथा डाव खरंच हवा असला तर? आग्रह मोजून करतात का कधी?"

दिगूनं तेलाचा डबा उचलला. कालिंदीशी वाद घालण्यापेक्षा मोटारीला तेल घालणं त्याला जास्त आवडायचं.

परीक्षेच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात पाच पानं मांडली. पहिल्या पानावर सरपंच बसले, त्यांना सगळे आबा म्हणत. मग डॉक्टरीणबाई, देवळातले गुरव, वाणी आणि शेवटी हेडमास्तर. हेडमास्तरांनी छत्री आणली होती. कालिंदीचा रोबोट कोणता, ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

आधी तळ्याकाठच्या जुळ्या भावांचा रोबोट निघाला. तो अगदीच साधा होता, दिगूनं सुचवलेल्या तऱ्हेचा. त्यानं आबांना विचारलं, "वाढू का?"

"नको," आबा रीतीप्रमाणे म्हणाले आणि ताट जरा पुढं सरकवलं.

रोबोट पुढं गेला.

आबा त्याच्या पाठीकडं बघत राहिले. डॉक्टरीणबाईही नको म्हणाल्या, गुरवही म्हणाले. वाण्यानं आधीच्या तीन पानांवरचा प्रकार पाहिला होता, पण आपणच कसं हो म्हणायचं, म्हणून तोही नको म्हणाला. हेडमास्तर नको म्हणाले ते मात्र मनापासून, कारण रोबोट कुणाचा आहे याची त्यांना अजून खात्री नव्हती. रोबोट भरलेलं पातेलं घेऊन फिरला आणि ते जागेवर ठेवून थांबला.

"फेरी पूर्ण," बाई म्हणाल्या.

"म्हणजे काय, वाढलं कुठं?" वाणी म्हणाला. त्याचं कुणी ऐकलं नाही.

कालिंदीला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आता ज्याच्या हातून श्रीखंड पानात पडेल तोच जिंकणार. तिनं रोबोट सोडला.

"वाढू का?"

"नको," आबा म्हणाले. एक डाव पडला. रोबोट कालिंदीच्याच आवाजात म्हणाला, "असं कसं? घ्याच थोडं." आबा खूश झाले. "याला म्हणतात वळण," ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले, आणि खाऊ लागले.

"वाढू का?"

"नको नको." आणखी दोन डाव.

आबांच्या चेहऱ्यावरचं हसू जरा कमी झालं. शाळेतल्या पोरांना ताटात काही टाकू नका म्हणून सांगणारे तेच होते, आणि सगळी पोरं समोर बसून बघत होती. ते खात राहिले. आबा मोठे सभ्य. त्यांनी ताटावर हात आडवा धरला नाही, देवापुढं जोडावेत तसे दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "पुरे बाबा, आता खरंच नको."

जोडलेले हात त्या सेन्सरनं जन्मात पाहिले नव्हते. आणखी एक डाव पडला. "घ्या हो, घरचंच आहे."

आबा जितके विनवत, तितकं ताट भरत होतं. त्यांनी धोतराची गाठ सैल केली. पंगतीतली बाकीची पानं कोरडी होती.

"कालिंदी, रोबोट थांबवायचं बटण दाब," दिगू पुटपुटला.

"थांब. दाबलं तर बाद होऊ. हात आडवा घालतील आता."

"ते नमस्कार करतायत गं त्याला. किती करायला लावतेस?"

दिगूचा हात बटणाकडं गेला, तो कालिंदीनं धरून ठेवला. तेवढ्यात आबांनी तिच्याकडं पाहिलं. कपाळावर घाम, मिशीला श्रीखंड, आणि हात अजून जोडलेले. तिच्याकडं बघताना त्यांना हसायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं.

आई म्हणाली होती ते कालिंदीला तेव्हा कळलं. तिनं दिगूचा हात सोडला, पुढं झाली आणि स्वतः बटण दाबलं.

रोबोट डाव उगारलेल्या अवस्थेत थांबला.

"सुखी राहा पोरी," आबा तोंडातला घास गिळून म्हणाले. त्यांना उठवायला गुरव आणि वाणी दोघं लागले. उभं राहिल्यावर त्यांनी बाईंना विचारलं, "हिला पास करता येणार नाही का? माझा जीव वाचवलाय तिनं."

"नियम तुम्हीच केलाय आबा."

"केलाय खरा," आबा म्हणाले आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

हात न लावता फेरी पूर्ण झाली होती ती जुळ्या भावांची, म्हणून ते राजधानीला गेले. उरलेल्या चार पंचांपैकी तिघांनी घरी जाऊन श्रीखंड मागून खाल्लं. कालिंदी सोमवारी जादा तासाला वेळेवर हजर झाली.

तात्पर्य: हवं असेल त्यानं हवं म्हणावं, नको असेल त्यानं नको म्हणावं, आणि ऐकणाऱ्यानं समोरच्याचा शब्द खरा मानावा.