तळ नसलेला डोंगर

"बुवा, जमिनीला खालची बाजू कशी द्यायची?"

रेवणबुवा चुलीपुढं नाचणीचं पीठ मळत होते. त्यांनी मान वर केली नाही. असले प्रश्न घेऊन त्यांच्या मठीत कुणी येत नसे. लेकीचं लग्न, आटलेली म्हैस, फार तर मेल्यावर काय होतं, इथवरच माणसांची धाव.

विचारणारा नवनाथ ढेबे. खालच्या धनगरवाड्यातला, लहानपणी याच मठीत बुवांच्या हाताखाली अक्षरं गिरवलेला. आता तो पुण्यात संगणकावरचे खेळ बनवत होता आणि शहाणपण जरा उतू जात होतं. बुवांच्या पाया पडायचं तर तो केव्हाच विसरला होता.

"नीट सांग," बुवा म्हणाले.

नवनाथनं सांगितलं. गेल्या श्रावणात वाडीवर दरड आली. धाकटा भाऊ जोत्या म्हशींना घेऊन कपारीखाली पावसाच्या आडोशाला बसला होता. कपारीसकट अख्खा कडा खाली आला. यंत्रांनी पुष्कळ उकरलं, पण जोत्या सापडला नाही. आई तेव्हापासून पुण्याला, नवनाथच्या घरी. खिडकीशी बसून असते.

तिच्यासाठी नवनाथनं संगणकात तो डोंगर पुन्हा उभा केला. दरडीआधीचा, जसाच्या तसा.

"डोंगर घडवायला त्यात एक साधन असतं," तो म्हणाला. "नुसता हात फिरवायचा. जमीन फुगते, उलटा फिरवला की खचते. ओबडधोबड वाटली तर गुळगुळीतही करता येते. पण एका जागेला उंची एकच."

"म्हणजे?"

"वर दगड, मध्ये पोकळी, खाली परत जमीन, असं होत नाही. डोंगर होतो, दरी होते. कपार होत नाही. ती जमीन म्हणजे अंथरलेली चादर, बुवा. तिच्याखाली काहीच नसतं."

बुवांचा हात पिठात थांबला.

"मग कपार केलीस कशी?"

सगळे करतात तशीच त्यानं केली होती. चादरीला भोक पाडायचं आणि वेगळा घडवलेला दगड त्यात बसवायचा. दिसायला झकास दिसते. फक्त त्या दगडाला पाय ठेवण्याजोगा तळ द्यायचा राहून गेला.

आणि हौस म्हणून त्यानं जोत्याही केला होता. खांद्यावर घोंगडं, मानेवर आडवी काठी, डावा पाय किंचित ओढत चालणारा.

आईला दाखवलं तेव्हा ती हसली. वर्षात पहिल्यांदा. पडद्याला बोट लावून म्हणाली, माझं लेकरू. जोत्या म्हशींच्या मागून चढण चढला, कपारीत शिरला... आणि खाली गेला. जमिनीतून आरपार. खाली नुसतं निळं आकाश, त्यात तो लहान लहान होत गेला.

"कुठं चालला त्यो?" आईनं विचारलं.

इथं गप्प बसावं की नाही? पण नवनाथला समजावून सांगायची भारी खोड. त्यानं सांगितलं, आये, खाली तळच नाही. बंद करेपर्यंत तो पडतच राहणार.

"तेव्हापासून ती झोपत नाही," नवनाथ म्हणाला. "बसल्या जागी दचकते. म्हणते, त्यो अजून पडतोय. तळ मी त्याच दिवशी घातला. पण ती पडद्याकडे बघायलाच तयार नाही."

बुवांनी पिठावर पाण्याचा हबका मारला.

"म्हणून मी नवं साधन लिहिणार आहे. जमीन आतून भरलेली असेल. माती, मुरूम, दगड, पार तळापर्यंत. वर्ष जाईल, दोन जातील. पण मग तिला खोदून दाखवता येईल की खाली काहीतरी आहे."

"आई जेवते का?"

"दोन घास."

"मग दोन वर्षं कुठून आणणार?"

मठीबाहेर एक म्हैस हंबरली.

"जोत्याचे दिवस घातले का रे?"

"देहच मिळाला नाही, बुवा."

"न मिळालेल्याचा पिठाचा पुतळा करून दिवस घालतात. भाऊ करतो."

हे नवनाथला ठाऊक होतं. वाडीतल्या जाणत्यांनी तेव्हा सांगितलंही होतं. त्यावर तो चारचौघांत म्हणाला होता की, असल्या बाहुल्या करण्याइतका मी अडाणी नाही. आई तिथंच बसली होती.

"मग त्या यंत्रात काय केलंस?"

नवनाथनं खाली पाहिलं. संगणकातला जोत्याही बाहुलीच होता, हे त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं, आणि आता आलं तसं त्याला फार लागलं.

बुवांनी परातीतला एक गोळा तोडला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

नवनाथची बोटं आपोआप चालू लागली. डोकं झालं, खांदे झाले. खांद्यावर घोंगडं आलं. काठीसाठी त्यानं चुलीजवळची काडी मोडून घेतली. डाव्या पायाशी पोचला तेव्हा त्याला दिसेनासं झालं, आणि तो पाय त्यानं डोळे मिटूनच केला.

"झाला?"

"झाला."

"आता सोड खाली."

नवनाथनं हात पुढं केला. खाली शेणानं सारवलेली जमीन होती, वीतभर अंतरावर. बोटं उघडेनात.

"सोड की."

नवनाथनं हात मागं घेतला.

"सोड."

"नाही सोडवत, बुवा." तो आता हमसून रडत होता. पिठाचा जोत्या त्यानं दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

बुवांनी तवा चुलीवर चढवला आणि जाळ पुढं सारला.

"मग जा, आईला सांग. पडत नाही म्हणावं तो. तू धरलायस."