चांगुणाची होडी आणि हळहळणारा शेठ

घाटावरच्या एका गावात त्रिंबकशेठ नावाचा भांड्यांचा व्यापारी राहत होता. दरवर्षी तो समुद्राकाठच्या एका कोळीवाड्यात चार दिवस जाई. चांगुणा कोळणीच्या पडवीत उतरे, ताजी मासळी खाई, वाळूत बसून वारा घेई. "या गावावर माझा फार जीव," असं सगळ्यांना सांगत फिरे.

एका वर्षी वादळ आलं. कौलं उडाली, माड मुळासकट आडवे झाले. चांगुणाची होडी लाटेने उचलली आणि पार सुरूच्या बनात नेऊन टाकली.

नारळी पुनवेला समुद्राला नारळ द्यायचा आणि होड्या पाण्यात घालायच्या, हा कोळ्यांचा रिवाज. त्या दिवशी भरती मोठी असते. तेवढ्यात होडी पाण्याला लागली तर लागली. नाहीतर पुढच्या उधाणापर्यंत बसा चुलीकडे बघत. चांगुणाने होडीला दोर बांधला. फळ्यांना तेल लावून वाट केली. पण ओढायला माणसं मोजकीच होती.

नेमका त्याच दिवशी त्रिंबकशेठ आला. पडलेल्या एकेका माडापाशी थांबून त्याने डोळे पुसले. होडीजवळ येऊन म्हणाला, "अरेरे, काय गाव होतं आणि काय झालं. आता कसलं उभं राहतंय हे."

ते ऐकून चांगुणाच्या दिराने, धर्माने, दोर खाली टाकला. "खरं बोलतायत शेठ. कशाला मरायचं उगाच?" त्याचं बघून आणखी दोघांनी टाकला. इकडे भरती चढत होती.

शेठला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. "चांगुणे, चल आमच्या घाटावर. तिथे समुद्राची भीतीच नाही."

"तुमच्याकडे पाऊस दडी मारतो, तेव्हा तुम्ही कुठं जाता?"

"कुठं जाणार? आमचं गाव आहे ते."

"मग हे काय माझ्या मावशीचं आहे?"

शेठ पुन्हा डोळे पुसू लागला.

चांगुणा म्हणाली, "मयताला आल्यासारखे रडताय. इथं कोणी मेलेलं नाही. डोळे चालतात तुमचे, हातांना काय धाड भरली? धरायचा तर दोर धरा. नाहीतर बाजूला व्हा, होडीच्या वाटेत उभे आहात."

शेठने खाली मान घातली. मग कोट काढून सुरूच्या फांदीला अडकवला आणि दोर धरला. दोन हिसक्यांत त्याचे तळवे सोलले. तरी त्याने सोडला नाही. धर्माला ते बघवेना. "घाटावरचा माणूस ओढतो आणि मी दर्यावरचा बघत बसू?" म्हणत तोही वाकला. मग सगळेच वाकले. होडी हलली, फळ्यांवरून घसरली आणि भरतीच्या पाण्यात तरंगली.

दुसऱ्या दिवशी मासळी आली. चांगुणाने वाळूत वाटे घातले. एक शेठपुढे सरकवला.

"मला नको गं. तुमचंच एवढं नुकसान झालंय."

"दया म्हणून वाटा देत नाही आम्ही. दोर ओढणाऱ्याचा तो हक्क. आजवर खाल्लंत ते पाहुणे म्हणून. आज गावचे म्हणून खा."

तात्पर्य: ज्या गावावर जीव आहे, ते पडलं तर त्याच्यासाठी रडू नये, हात लावावा. नुसती हळहळ उभ्या माणसालाही खाली बसवते.