आतून लिंपलेले दार

पूर्वी काशीदेशी वेणुमती नगरात सुतनू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व धनेश पक्ष्याच्या कुळात जन्मले होते. नगराबाहेर बांबूचे वन होते आणि त्या वनातल्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत त्यांचे घरटे होते. धनेशाची चोच मोठी आणि बाकदार, पण त्याहून नवलाची त्याच्या संसाराची रीत. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि ढोलीचे तोंड लिंपले जाते. एक फट तेवढी राहते. त्या फटीतून नर तिला आणि पिलांना फळे भरवतो.

सोण नावाचा बुरूड त्या वनात बांबू तोडायला येत असे. रोज ते भरवणे पाहून तो खुळावला. संसार असावा तर असा, त्याला वाटले. ना भांडण, ना शेजार, ना कुणाची नजर.

घरी त्याची बायको चित्रा सात महिन्यांची गरोदर होती. ती पाणवठ्यावर गप्पा मारी, मोठ्याने हसे आणि कुणी टाकून बोलले तर उलट उत्तर देई. आता यात काय बिघडले? घरोघरी हेच चालते. पण सोणाला प्रत्येक कुरबुर म्हणजे आपल्या घराला पडलेले भोक वाटे. त्याने एके दिवशी ती आतल्या खोलीत असताना दार विटामातीने बंद केले आणि वीतभर फट ठेवली.

"बाळ पावलं टाकू लागलं की फोडतो," तो म्हणाला.

चित्रा तीन दिवस रडली, मग गप्प झाली. रडणे थांबले म्हणजे सुख लागले, असा त्याने अर्थ काढला. काय म्हणावे या माणसाला! तो दुष्ट असता तर राग तरी सोपा झाला असता. तो फटीतून मऊ भात देई, निवडून पिकली उंबरे देई, स्वतः मागाहून जेवे. आळीतल्या बायका नव्या सुनांना आणून ते घर दाखवत. "बघ गं, कसा जपतो! दोन महिने झाले, आवाज म्हणून नाही."

एके सकाळी सोण धावत बेहड्याखाली आला आणि त्याने हात जोडले.

"महाराज, तुम्ही माझे गुरू. तुमचं पाहूनच मी घर लिंपलं. कालपासून तिला कळा येताहेत. सुईण म्हणते भिंत फोड. मूल आडवं आहे आणि फटीतून तिचा नुसता हात आत जातो. आशीर्वाद द्या, सगळं नीट होऊ दे."

बोधिसत्त्वांच्या चोचीतले फळ खाली पडले.

"अरे, ही भिंत मी नाही घातली," ते म्हणाले. "मी फक्त चिखल आणून दिला. तिने ती आतून लिंपली, स्वतःच्या चोचीने. तिला वाटेल त्या दिवशी ती फोडेल. तू तुझ्या बायकोला विचारलंस का?"

"विचारलं तर ती फोडा म्हणेल," सोण म्हणाला. "म्हणून तर विचारत नाही."

"धाव, आणि फोड ती भिंत."

सोण ओळखल्यासारखा हसला. "गुरू परीक्षा घेतात, ठाऊक आहे मला. मी डगमगायचा नाही." आणि तो बांबूच्या सावलीत डोळे मिटून बसला.

ढोलीत दोन पिले होती, कालच अंड्यातून निघालेली. मादीची पिसे गळलेली होती, त्यामुळे तिला उडता येत नव्हते. फटीतून तिने सगळे ऐकले होते.

"तुमच्या नावावर तिला कोंडलंय," ती म्हणाली. "जा तुम्ही."

"पिलं उपाशी राहतील."

"राहतील. जा."

बोधिसत्त्व नगरात उडत गेले, सोणाच्या घरात शिरले आणि त्या भिंतीवर चोच मारू लागले. आतून कण्हण्याचा आवाज येत होता. जमलेले लोक आधी हसले. एकजण म्हणाला, "हाकला रे, चांगलं घर मोडतंय पाखरू!" माती वाळून दगड झाली होती. दुपारपर्यंत चोच चिरली, तरी ते थांबले नाहीत. ते रक्त पाहून पूर्णा सुईणीला स्वतःचीच लाज वाटली.

"पाखराला कळतं आणि आपण बघत उभ्या!" ती ओरडली. तिने कोपऱ्यातले मुसळ उचलले आणि भिंतीवर घातले. मग आणखी दोघी पुढे झाल्या.

भिंत पडली. चित्रा जिवंत होती. मूल मात्र गेले होते.

सोण परतला तेव्हा घरात माती पसरलेली होती. "पण मी तिला रोज भरवत होतो," तो प्रत्येकाला सांगू लागला. दहा दिवसांनी चित्रा उठून चालू लागली. ती त्या ढिगाऱ्यावरून बाहेर पडली आणि त्या घरी पुन्हा आली नाही.

भिंत पडली त्या संध्याकाळी बोधिसत्त्व परतले तेव्हा ढोलीची भिंत आतून फोडलेली होती. मादी उडता न येणारे अंग घेऊन जमिनीवर पडलेली उंबरे वेचत होती. एक पिलू गार झाले होते. चिरलेल्या चोचीने बोधिसत्त्वांना पुढे फळ धरता येईना, मादीनेच त्यांना आणि उरलेल्या पिलाला जगवले. ते पिलू उडेपर्यंत बोधिसत्त्व जगले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, जेतवनातल्या विहारात सांगितली. त्या दिवशी एक गृहस्थ सभेत उभा राहून म्हणाला होता, "माझ्या घरातून कधी आवाज बाहेर येत नाही." शास्ते म्हणाले, "तेव्हाचा सोण तो हाच गृहस्थ. पूर्णा सुईण ही दाराशी बसलेली वृद्ध उपासिका. चित्रा ही आजची ती भिक्षुणी, जी थंडीतही दार लावून झोपत नाही आणि तुम्ही तिला हसता. धनेश मीच होतो. त्या जन्मी मी करुणेची पारमिता पाळली, आणि तिची किंमत माझ्या पिलाने दिली."

तो गृहस्थ उठला आणि लगबगीने घराकडे निघाला. घरी पोचल्यावर त्याने बायकोला पहिल्यांदाच विचारले, "तुला काय हवंय?" ती उठली आणि तिने आधी बाहेरचे दार सताड उघडले.