खालून खणलेलं गटार

ढग उतरले की दिसेनासं व्हायचं आणि ढग उठले की पुन्हा आपल्या जागी सापडायचं, अशा एका डोंगराळ नगरात फार वर्षांपूर्वी घडलेली ही गोष्ट आहे.

नगर उतारावर वसलं होतं. वरच्या आळीत व्यापाऱ्यांची दगडी घरं. खालच्या आळीत रंगारी, कुंभार आणि माळी राहायचे. रंगाऱ्यांची ओली वस्त्रं दोऱ्यांवर वाळत असायची. धुक्यातून कुणी चालत आलं की त्याला आधी निळे-पिवळे तुकडे हवेत तरंगताना दिसायचे आणि मग हळूहळू त्यांच्यामागची घरं. एका मुक्कामासाठी आलेला वाटसरू सकाळी विचारायचा, "इथं घर बांधायला जागा मिळेल का?" असं होत होत दोनशे घरांची नऊशे घरं झाली.

पाणी मात्र दोनशे घरांपुरतंच राहिलं. डोंगरमाथ्यावर एक झरा होता. त्याचं पाणी खापरी नळातून चौकातल्या हौदात यायचं. नळांची राखण सटवाजी नावाचा म्हातारा करायचा. तो जमिनीला कान लावून बसायचा. खाली पाणी कुठं वाहतंय, कुठं अडलंय, ते त्याला नुसतं ऐकून कळायचं. लोक म्हणायचे, सटवाजीला माणसांपेक्षा पाण्याचं बोलणं जास्त समजतं.

त्या वर्षी लोकांनी उमाई नावाच्या बाईंना नगराची कारभारीण नेमलं. उमाई हुशार होत्या, मनानं चांगल्या होत्या, आणि आपण सगळ्यांना आवडावं असं त्यांना फार वाटायचं. आल्या आल्या त्यांनी सटवाजीला बोलावलं.

"बाबा, नऊशे घरांना पाणी द्यायचं आहे. काय करावं लागेल?"

"माथ्यावर अजून दोन झरे आहेत, बाई. तिन्ही एकत्र केले आणि मोठा नळ टाकला, तर दारोदारी पाणी येईल. पण त्याआधी गटार करा."

"आधी गटार?"

"जेवढं पाणी घरात येतं, तेवढंच बाहेर जातं. आज घागर येते, घागर जाते. ती माती पिऊन टाकते. उद्या नदी आणाल, तर नदीच बाहेर पडेल. तिला वाट ठेवली नाही, तर ती स्वतः वाट शोधेल."

उमाईंनी सभा भरवली. सटवाजीनं वाळूत काठीनं रेघा ओढून सगळं दाखवलं. जमिनीखालून दगडी गटार, नगराच्या पायथ्याशी तीन तळी. पहिल्यात गाळ बसेल, दुसऱ्यात लव्हाळी वाढेल आणि तिसऱ्यातलं निवळलेलं पाणी गुरांच्या गवताला जाईल.

वरच्या आळीतले नरहरशेट उठले. ते तेलाचे व्यापारी होते, माणूस सरळ पण हिशेबी. "काम किती वर्षं चालेल?"

"सात," सटवाजी म्हणाला.

"आणि आमच्या दारी कधी पोचेल?"

"सातव्या वर्षी, शेट. गटार वरून खणता येत नाही. पाण्याला जायला खाली जागा असेल, तरच वरचं पाणी सोडायचं. म्हणून पायथ्यापासून सुरू करायचं आणि वर वर यायचं."

सभेत कुजबुज सुरू झाली. नरहरशेट शांतपणे म्हणाले, "म्हणजे सात वर्षं पैसे आम्ही द्यायचे आणि गटार आधी दुसऱ्यांचं व्हायचं. आमचं सांडपाणी तर आपोआप उतरून जातं. आम्हाला त्याचा कधी त्रास झालेला नाही. पाणी आणा, त्याला आम्ही आनंदानं पैसे देऊ. गटार ज्यांना हवं, त्यांनी ते करावं."

बऱ्याच माना डोलल्या. खालच्या आळीतलेसुद्धा गप्प राहिले, कारण पाणी त्यांनाही हवंच होतं. उमाईंनी सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. गटार म्हटल्यावर ते मिटत होते, पाणी म्हटल्यावर खुलत होते.

"आधी पाणी आणू," त्या म्हणाल्या. "गटाराचं पुढच्या वर्षी बघू."

सटवाजीनं पायानं वाळूतल्या रेघा पुसल्या आणि झऱ्याकडे निघाला.

पाणी आलं तो दिवस लोक कितीतरी वर्षं आठवत राहिले. वरच्या आळीत दारोदारी तोट्यांतून चांदीसारखी धार पडली. अंगणांत तुळशी तरारल्या. तिथल्या बायका दिवसातून दोनदा ओटे धुऊ लागल्या. खालच्या आळीलाही हौद मिळाला, पण तो चढावर होता. तिथले बहुतेक लोक आपल्या तीन विहिरींचंच पाणी पीत राहिले. उमाई रस्त्यानं निघाल्या की लोक थांबून नमस्कार करत. पुढचं वर्ष आलं आणि गेलं. गटाराचं नाव कुणी काढलं नाही. उमाईंनीही काढलं नाही.

वरून येणारं सांडपाणी मात्र थांबलं नव्हतं. ते दगडांच्या फटींतून उतरायचं, भिंतींच्या मुळाशी मुरायचं. खालच्या आळीत उन्हाळ्यातही जमीन ओलसर राहू लागली. धुकं तिथं जास्त वेळ रेंगाळू लागलं. कुणी म्हणायचं, हवा बदलली. कुणी म्हणायचं, विहिरीचं पाणी थोडं गोड लागतंय.

तिसऱ्या वर्षी श्रावणात खालच्या आळीत ताप आला. ताप आणि जुलाब. घरोघरी अंथरुणं पडली. कोंडाबाई नावाची एक माळीण होती. तिचा नवरा चार दिवसांत गेला. भाजीचे वाफे त्या दोघांनी मिळून राखले होते. पाचव्या दिवशी ती एकटीच वाफ्यात बसून राहिली.

मग ताप वरच्या आळीत चढला. चढण चढून कसा आला, कुणाला कळेना. तिथली माणसं तर झऱ्याचं पाणी पीत होती. नरहरशेटांच्या पत्नी आजारी पडल्या. वैद्य झाले, नवस झाले, पण ताप उतरेना.

उमाई कोंडाबाईकडे गेल्या. कोंडाबाईनं पाट पुढे केला.

"उमाई, मला एकच सांगा. आमच्या विहिरीला काय झालं?"

उमाईंना उत्तर माहीत होतं. तरी त्या म्हणाल्या, "बघते." तिथून त्या थेट सटवाजीकडे गेल्या.

सटवाजी म्हणाला, "मी सांगून कुणाला पटणार नाही. पाण्यालाच सांगू द्या." त्यानं रंगाऱ्यांकडून निळीचे दोन रांजण मागून आणले. नरहरशेटांच्या दारात जाऊन तो म्हणाला, "शेट, तुमच्या मोरीत ही नीळ ओतू द्या. तुमचं पाणी आपोआप जातं ना, ते कुठं जातं एवढंच बघायचं आहे."

नरहरशेट थकलेले होते. "ओता," ते म्हणाले.

दोन रांजण मोरीत रिकामे झाले. पाणी निळं होऊन कोपऱ्यावरून वळलं आणि दिसेनासं झालं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाट धुकं होतं. कोंडाबाईनं विहिरीत घागर सोडली, वर काढली, आणि ती तशीच उभी राहिली. घागरीत आभाळ उतरल्यासारखं फिकट निळं पाणी होतं. शेजारच्या विहिरीतही तेच. वाफ्यांच्या पाटांतून निळ्या रेघा चालल्या होत्या. पालकाच्या पानांवर निळे थेंब थरथरत होते. सगळी आळी विहिरींभोवती जमली. ते दृश्य इतकं सुंदर होतं, की क्षणभर कुणाला त्याची भीतीच वाटली नाही.

कोंडाबाईनं मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या पाटात धुतल्या, पाटीत भरल्या आणि ती वर चढली. नरहरशेटांच्या ओट्यावर तिनं पाटी ठेवली. देठांतून निळं पाणी ठिबकत होतं.

"ही भाजी तुमच्या घरी रोज येते, शेट," ती म्हणाली. "आज विकायला नाही, दाखवायला आणली आहे. तुमचं पाणी आम्ही पितो. आणि आम्ही पितो तेच धुऊन तुम्ही खाता."

नरहरशेटांनी एक जुडी हातात घेतली. ते बोटांना लागलेल्या निळ्या रंगाकडे बघत राहिले. आत पत्नी कण्हत होती.

"तुझे यजमान कसे आहेत?" त्यांनी विचारलं.

"ते गेले, शेट."

त्या सकाळपासून दोन्ही आळ्यांत लोक पाणी उकळून पिऊ लागले आणि कच्ची भाजी बंद झाली. महिन्याभरात ताप ओसरला. नरहरशेटांच्या पत्नी वाचल्या. खालच्या आळीत अकरा माणसं गेली होती.

पुन्हा सभा भरली. उमाई उभ्या राहिल्या. "सटवाजीबाबांनी तीन वर्षांपूर्वी खरं सांगितलं होतं. मला ते पटलंही होतं. पण तुम्हाला आवडणार नाही म्हणून मी ते पुढं ढकललं. ही चूक माझी आहे. आता मी तुम्हाला आवडणार नाही तेच सांगणार आहे. गटाराला सात वर्षं लागतील. ते जमिनीखाली असेल, कुणाला दिसणार नाही. त्याचा उत्सव होणार नाही. आणि ते खालूनच सुरू होईल."

"पैसा कसा उभा करायचा?" कुणीतरी विचारलं.

उत्तर कोंडाबाईनं दिलं. "जो जेवढं पाणी घेतो, त्यानं तेवढ्या मापानं द्यावं. ज्याच्याकडे पैसा नाही, त्यानं खणायला यावं."

सटवाजीनं वाळूत पुन्हा ओढलेल्या रेघा बघून एका कुंभारानं विचारलं, "गटार एवढं रुंद कशाला, बाबा? आपल्याला याच्या निम्मंही पुरेल."

"आपल्याला पुरेल," सटवाजी म्हणाला. "पण अजून जे आलेले नाहीत, त्यांना पुरणार नाही."

ठराव झाला. गटाराची पेटी वेगळी ठेवायची, आणि दुसऱ्या कोणत्याही कामासाठी ती उघडायची नाही.

पायथ्याशी पहिली कुदळ पडली. पहाटेच्या धुक्यात माणसं दिसायची नाहीत, नुसते घाव ऐकू यायचे. तळी झाली. त्यांत लव्हाळी उगवली आणि कुठून कोण जाणे, पांढरे बगळे आले. चर दरवर्षी थोडा थोडा वर सरकत होता.

कामाच्या तिसऱ्या वर्षी राजा नगरावरून जाणार अशी वार्ता आली. कमानी उभारू, दिवे लावू, असं लोकांच्या मनात आलं. हाताशी भरलेली पेटी एकच होती. उमाईंनी ती उघडू दिली नाही. राजा साध्या रस्त्यानं आला आणि साध्या रस्त्यानं गेला. नगराची शोभा गेली म्हणून लोक रुसले. पुढच्या नेमणुकीला त्यांनी उमाईंना बाजूला केलं आणि नरहरशेटांना कारभारी केलं.

उमाईंना वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी त्या पदर खोचून चरावर आल्या आणि दगड वाहू लागल्या. त्यांना भीती एकच होती. नरहरशेट आता काय करतील?

वरच्या आळीतले लोक त्याच संध्याकाळी नरहरशेटांकडे गेले. "आता कारभार आपला आहे. पैसाही जास्त आपलाच आहे. यंदा आपल्या आळीचं गटार करून घेऊ."

नरहरशेट रात्रभर विचारात होते. सकाळी ते सटवाजीकडे गेले. म्हातारा फार थकला होता, दारात खाटेवर पडून होता.

"बाबा, खरं सांगा. वरून खणता येणारच नाही का?"

"येईल की," सटवाजी म्हणाला. "खणायला काय, कुठूनही खणता येतं. पण मधली जागा मोकळी राहील. तुमचं पाणी तुमच्या दारातून निघेल आणि त्या जागेशी येऊन थांबेल. तिथं कुणाचं तरी घर असेल."

नरहरशेट उठले, चरापाशी आले. तिथं कोंडाबाई घमेलं घेऊन उभी होती, आणि उमाईही. दोघी त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेटांनी मुकादमाला विचारलं, "काल कुठवर आलात?"

"कुंभारवाड्यापर्यंत."

"मग आज तिथून पुढे," ते म्हणाले. वरच्या आळीतल्यांना त्यांनी निरोप धाडला, "आपली पाळी सातव्या वर्षी. तोवर वाटा चालू ठेवा."

काही जण चिडले, काहींनी वाटा उशिरा दिला, पण शेवटी सगळ्यांनी दिला. सटवाजी पाचव्या वर्षी गेला. त्याच्या रेघा तोवर सगळ्यांना पाठ झाल्या होत्या. सातव्या वर्षी चर नरहरशेटांच्या ओट्यापाशी पोचला. शेवटचा दगड बसला. ना वाजंत्री, ना तोरण. मजुरांनी गूळ-शेंगदाणे खाल्ले आणि जो तो घरी गेला.

पुढच्याच पावसाळ्यात डोंगरापलीकडे दरड कोसळली. तिथलं एक गाव राहण्याजोगं राहिलं नाही. दीडशे कुटुंबं धुक्यातून चालत या नगराकडे आली. पूर्वीचं नगर असतं, तर एवढ्या घरांचा भार त्याला पेलला नसता. आता नरहरशेटांनी त्यांना गटाराच्या कडेनं उतारावर जागा दिली. पाणी पुरलं, गटार पुरलं. त्या वर्षी नगरात ताप आला नाही.

एके सकाळी उमाई त्या नव्या वस्तीतून चालल्या होत्या. एक बाई भांडी घासून, पाण्यानं भरलेलं घमेलं हातात घेऊन उभी होती. कुठं ओतावं ते तिला कळत नव्हतं. उमाईंनी मोरीवरचं झाकण उचलून दाखवलं. बाईनं पाणी ओतलं. ते खळखळत खाली उतरलं आणि त्याचा आवाज दूर दूर जात विरला.

"कुठं गेलं हे?" बाईनं विचारलं.

"जिथं कुणाचं वाईट होणार नाही, तिथं," उमाई म्हणाल्या आणि पुढे चालू लागल्या. मागे ती बाई बराच वेळ मोरीपाशी वाकून ऐकत होती.

तात्पर्य: आपल्या दारातून गेलं ते संपलं, असं नसतं; जे काम सगळ्यांचं आहे, ते सगळ्यात खाली राहणाऱ्यापासून सुरू करावं आणि अजून न आलेल्यांनाही पुरेल एवढं करावं.