सुपडाईचं कच्चं मडकं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. खानदेशातल्या बोरझिऱ्याच्या नाल्याला तेव्हा भर उन्हाळ्यातही पाणी असायचं. आणि गावात कुणी गेलं, की घरचे रडायला बसण्याआधी एक माणूस कुंभारवाड्याकडे पळत सुटायचा. मडक्याशिवाय मढं हलत नसे, आणि मडकं मिळायचं एकाच दारात. सुपडाईच्या.

ही सुपडाई जन्मली तीच मरणाला चकवून, असं म्हणतात. तिच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली होती. म्हणून आईनं तिला जन्मल्या जन्मल्या सुपात घालून उंबऱ्याबाहेर सारलं. शेजारणीनं उचललं आणि दुसऱ्याचं पोर द्यावं तसं परत आईच्या ओटीत घातलं. मरणाला वाटावं, हे कुणीतरी टाकून दिलेलं आहे, आपल्या काय कामाचं? मरण फसलं. पोरीचं नाव पडलं सुपडा.

पण मरण डूख धरतं. सुपडाई बोरझिऱ्यात नांदायला आली, नवरा गेला. एकुलता एक मुलगा वाढवला, लग्न करून दिलं, आणि पटकीची साथ आली तीत तोही गेला. कुंभाराच्या घरात बाई माती तुडवते, मडकी थापटते, ती भाजायला आवा लावते, पण चाकाला हात लावत नाही. मुलाचं तेरावं झालं आणि सुपडाई सरळ जाऊन चाकावर बसली. लोक म्हणाले, बाईच्या हातानं चाक फिरायचं नाही. चाक फिरलं. लोक म्हणाले, फिरलं तरी मडकं तडकेल. तिच्या रांजणातलं पाणी वैशाखात दातांना झोंबायचं, असं म्हणतात. मग लोक गप्प बसले आणि रांजण घेऊन गेले.

घरात आता दोघीच उरल्या. सुपडाई, आणि तिची विधवा सून बना. बनाचं काळीज हरणाचं. झाकण पडलं की ती दचकायची, कावळा ओरडला की दचकायची, स्वतःला शिंक आली तरी दचकायची. सुपडाई म्हणायची, "अगं, आव्याजवळ बसू नकोस बाई. तुझ्या धसक्यानं माझी मडकी तडकतील."

एका आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गोष्ट आहे. आखाजीला खानदेशात घरोघर पितरांच्या नावानं घागर भरतात. म्हणून सगळं गाव सुपडाईच्या अंगणात घागरी न्यायला जमलं होतं. गावचा पाटील, ज्याला सगळे जिभाऊ म्हणत, तोही आला होता. बना पाणी देत होती. तेवढ्यात सुपडाई चाकावरून उठली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "जिभाऊ, सगळं गाव जमलंय तर सांगून ठेवते. मी मेले की मला भाजू नका."

बनाच्या हातातला तांब्या खाली पडला.

म्हातारी भुराबाई फिसकन हसली. "भाजायला तू काय वांगं आहेस का, सुपडाई?"

"वांगं बरं, भुराबाई. वांग्याचं भरीत तरी होतं. माझं काय होणार?"

सगळे हसले. सुपडाई हसली नाही. तिनं अंगणातलं एक जुनं खापर उचललं. "हे बघा. माझ्या आजेसासूच्या हातचं असेल. पाण्यात घाला, मातीत पुरा, खापर ते खापरच. एकदा आगीतून निघालं, की माती त्याला परत घरात घेत नाही." मग तिनं ताजी, न भाजलेली पणती उचलली आणि पाण्याच्या कुंडात सोडली. पणती बघता बघता बसली, विरली, गाळ झाली. "आणि हे कच्चं. उद्या ह्याची घागर होईल, चूल होईल, बैल होईल, काय वाट्टेल ते होईल. माझ्या पोराला मी तुमच्या रीतीनं आगीत दिलं. मीच थापटलेल्या मडक्यात मीच घडवलेलं पोर घरी आलं. मूठभर. तेव्हाच ठरवलं. मला खाणीत पुरा."

खाण म्हणजे नाल्याच्या वळणावरची मातीची खाण. सुपडाई तिथूनच माती आणायची, आणि गावातल्या बायकाही चुलीसाठी, भिंतीसाठी तिथूनच न्यायच्या.

जिभाऊच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आपल्यात पुरतात ते गोसाव्याला, नाहीतर तान्ह्या लेकराला. तू ह्यातली कोण?"

"दोन्ही. सुपातलं लेकरू तर मी आहेच. आणि संसार माझा केव्हाच सुटला."

"आणि मढ्याच्या मातीच्या चुली करायच्या आम्ही? त्यावर भाकरी भाजायच्या?"

"आत्ता कुणाच्या मातीच्या करता, जिभाऊ? तुमच्या पणजोबांची राख कुठं सोडली? ह्याच नाल्यात ना? नाल्याचा गाळ कुठं येऊन बसतो? खाणीत. तुमची भाकरी तर कधीपासून पणजोबांवरच भाजतेय."

कुणीतरी खोकलं. जिभाऊ लाल झाला. "गावाची रीत तुझ्या चाकावर फिरत नाही, सुपडाई."

"नसू दे. मग माझं मढंही तुमच्या रीतीवर हलायचं नाही. आणि आणखी एक. माझ्यावर दगड मांडू नका, शेंदूर फासू नका. मला देवी करून एका जागी बसवू नका. जन्मभर चाकाशी बसले, आता बसायचा कंटाळा आलाय."

घागर घेऊन जो तो घरी गेला. गावानं शब्द दिला नाही.

त्यानंतर सुपडाईनं एक मडकं घडवलं. पातळ, गोल, जसं प्रेताच्या खांदेकऱ्यांपुढे नेतात तसं. सावलीत वाळवलं, वरून गेरूचा हात दिला. बघणाऱ्याला वाटावं, पक्कं भाजलंय. पण ते तिनं आव्यात घातलं नाही. कोनाड्यात ठेवलं आणि सुनेला म्हणाली, "मी गेले की लोक मडकं मागतील. हे दे. पुढचं ते बघून घेईल."

"आत्याबाई, हे तर पाण्यानं विरघळेल! लोक माझ्यावर ओरडतील."

"ओरडतील की. तू दचक. दचकायला काय, तू रोजच दचकतेस. पण दचकून मागं सरू नकोस. जागेवर उभी राहून दचक. एवढा शब्द दे मला."

बनानं शब्द दिला. देताना सासूच्या हाताला ओली माती होती, ती दोघींच्या हातांना लागली.

पौषात एका सकाळी सुपडाई चाकावर बसल्या बसल्या गेली. असं म्हणतात, की तिचे हात थांबले तरी चाक फिरतच होतं, आणि बनानं हात लावला तेव्हा कुठं थांबलं.

जिभाऊ माणसं घेऊन आला. लाकडं मसणवट्यात आधीच पाठवली होती. शेजारच्या गावातून सुपडाईचा पुतण्या उखा अग्नी द्यायला बोलावून घेतला होता. बना दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आत्याबाईंना भाजायचं नाही." पण ती इतकं हळू बोलली, की ते फक्त तिलाच ऐकू आलं. ती पुन्हा म्हणाली. ह्या वेळी जिभाऊला ऐकू आलं.

"पोरी, खाण गावाची आहे," तो म्हणाला. "आडवी आलीस तर उद्यापासून मातीचं ढेकूळ मिळायचं नाही. मग चाक काय चाटशील? मडकं दे."

बनानं कोनाड्यातलं मडकं दिलं.

बोरझिऱ्यात बायका नाल्याच्या अलीकडे थांबत. बना थांबली नाही. भुराबाईनं पदर ओढला, "अगं माय, कुठं चाललीस?" तरी थांबली नाही. तिचे डोळे त्या मडक्यावर होते. उखानं त्यात पाणी भरलं होतं, काठोकाठ. कच्च्या मातीत पाणी. आत्ता बसेल, आत्ता विरेल, उखाच्या अंगावर चिखल होईल, आणि सगळं गाव माझ्याकडे वळून बघेल, ह्या भीतीनं तिचे पाय एकमेकांत अडकत होते. पण मडकं बसलं नाही. नाला ओलांडला, बसलं नाही. मसणवटा आला, तरी बसलं नाही. एक थेंब पाझरला नाही, असं म्हणतात.

सुपडाईला तिरडीसकट लाकडांवर ठेवलं. त्या गावाची रीत अशी, की आधी मडकं, मग अग्नी. मडकं खांद्यावर घेऊन चितेभोवती फिरायचं, दगडानं भोक पाडून धार सोडायची, आणि शेवटी मागं न बघता मडकं टाकून फोडायचं. मडकं फुटलं की जीव सुटला.

उखा फिरला. दगड मारला. टण्! घंटेसारखा आवाज झाला. बना दचकली. भोक पडलं नाही. पुन्हा मारला. टण्! दगडाचे दोन तुकडे झाले. उखानं घाबरून मडकं तसंच खांद्यावरून मागं टाकलं. ते जमिनीवर पडलं, मांजरासारखं लोळलं आणि उभं राहिलं. आतलं पाणी जागचं हललं नाही.

"बाजूला हो," जिभाऊ गरजला. त्यानं ते मडकं दोन्ही हातांनी उचललं आणि काळ्या खडकावर आपटलं. बना दचकली. खडकाचा टवका उडाला. मडकं तसंच. तो टवका उडालेला खडक तिथं अजून दाखवतात.

मडकं फुटत नाही तोवर अग्नी देता येत नव्हता, आणि अग्नी दिल्याशिवाय घरी जाता येत नव्हतं. तेव्हा माणसांतून बना पुढं आली. ती थरथरत होती. पण मागं सरली नाही.

"जिभाऊ, ते फुटायचं नाही," ती म्हणाली. "ते भाजलेलंच नाही."

तिनं नखानं गेरू खरवडला. आतून राखाडी, कच्ची माती निघाली. उखानं खांदा झटकला, जणू तिथं विंचू होता.

"तू आम्हाला फसवलंस?" जिभाऊ ओरडला. बना दचकली, जागेवर उभी राहून दचकली, आणि मग तिचा आवाज तिच्या सासूसारखा निघाला, असं म्हणतात.

"हो, फसवलं. माती द्यायची नसेल तर नका देऊ. मी गोवऱ्या थापून खाईन. पण तुमच्यातल्या कुणाच्या घरचा जीव आत्याबाईंच्या मडक्याशिवाय सुटला, तो पुढं या. कुणी आहे? तुमच्या आईचा सुटला, जिभाऊ? तुमच्या सगळ्यांचे जीव तिनं सोडवले, आणि तिचा एकटीचा तुम्ही अडवून धरलाय. तिनं काय मागितलं? पालखी मागितली? कळस मागितला? एक खड्डा मागितला."

ती वाकली. ज्या मडक्याला दगड हरले होते, ते तिनं डोक्यावर घेतलं आणि खाणीच्या वाटेला लागली. एकटीच.

पहिल्यांदा उखा हलला. त्यानं तिरडीला हात घातला. मग बाकीचे तिघे. जिभाऊ "थांबा! थांबा म्हणतो ना!" म्हणत राहिला, आणि माणसं त्याच्या अंगावरून पाणी जावं तशी पुढं गेली.

खाणीत पोचल्यावर बनानं मडकं खाली ठेवलं. नुसतं ठेवलं. आणि दमलेल्या माणसानं उसासा टाकून खाली बसावं, तसं ते मडकं बसलं. काठ झुकला, पोट पसरलं, पाणी मातीत गेलं, आणि बघता बघता तिथं मऊ ओला गाळ उरला. तिथंच खणलं. तिथंच सुपडाईला ठेवलं.

जिभाऊ मागून आला होता. मग त्यानं पायातलं काढलं, आणि पहिली मूठ त्यानंच टाकली. कुणी म्हणतं लाजेनं, कुणी म्हणतं भीतीनं. बना सांगायची, की त्याला आई आठवली.

पुढची आखाजी आली. बना आता स्वतः चाकावर बसत होती. तिनं एक कच्चं मडकं घडवलं, पाणी भरून खाणीत ठेवलं, आणि गावादेखत म्हणाली, "मला मात्र जाळा."

गाव चाट पडलं. भुराबाई म्हणाली, "अगं, मग एवढं भांडलीस कशाला?"

"ते आत्याबाईंचं होतं. हे माझं आहे. मातीखाली अंधार असतो, आणि मला अंधाराचं भ्या वाटतं. मला उजेडात पाठवा. चांगला मोठा जाळ करा."

म्हातारी होऊन बना गेली, तेव्हा गावानं तसंच केलं. मडकं पहिल्याच फटक्यात फुटलं. जाळ एकदम भपकन उठला आणि चितेभोवतीचे सगळे दचकून मागं सरले. बना तेवढी दचकली नाही, असं म्हणतात.

अजूनही आखाजीला बोरझिऱ्यात पितरांच्या घागरी भरून झाल्या, की कुंभारवाड्यातलं एक कच्चं मडकं पाण्यानं भरून खाणीत ठेवतात. ते विरेपर्यंत ज्याला जे सांगायचं ते त्यानं मोठ्यानं सांगायचं. कुणी म्हणतं मला पुरा, कुणी म्हणतं मला जाळा. कुणी म्हणतं माझा फोटो लावू नका, कुणी म्हणतं लावा, पण त्या लग्नातला नको. एक म्हातारी दरवर्षी सांगते, की धाकट्या जावेला माझ्यापाशी रडू देऊ नका. लोक हसतात. पण मडकं विरलं की बोलणं पक्कं. मग मुलगा असो, भावकी असो, पाटील असो, ते कुणी मोडत नाही.

खाणीत दगड नाही, शेंदूर नाही. नवी सून घरात आली की तिची चूल त्याच मातीची घालतात. आणि त्या चुलीला कुणाचा चुकून पाय लागला, तर घरातली म्हातारी भाकरी थापता थापता ओरडते, "हळू रे मेल्या! सुपडाई आहे ती."